बांधकामाचं शेड्यूल : तारखा ठरतात कशा आणि घसरतात कुठे

रस्ता असो, उड्डाणपूल असो, पाणीयोजना असो की रेल्वेचं दुहेरीकरण, कामाच्या जागी लावलेल्या फलकावर दोन तारखा असतात : काम सुरू झाल्याची आणि पूर्ण करायची. या दोन तारखांच्या मधे काय, कशानंतर, किती माणसं आणि यंत्रं लावून होणार हे मांडणारा आणि दर आठवड्याला ते प्रत्यक्षाशी ताडून पाहणारा माणूस म्हणजे प्रोजेक्ट शेड्यूलर. कंपन्यांत त्याला बहुतेकदा प्लॅनिंग इंजिनिअर म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली बरीच मुलं-मुली सिव्हिलचा डिप्लोमा किंवा पदवी घेऊन साइटवर जातात आणि त्यांतल्या काहींकडे पुढे हे काम येतं. तेव्हा लक्षात येतं, की परीक्षेत सोडवलेलं नेटवर्कचं गणित आणि साइटवर चालणारं शेड्यूल यांत मोठं अंतर आहे. ते अंतर नेमकं कुठे आहे, ते इथे सांगायचं आहे.

शेड्यूलमध्ये तारीख सगळ्यात शेवटी येते. आधी लिहायचं असतं ते हे, की कोणतं काम कशासाठी अडून राहतं. खुदाई झाल्याशिवाय पीसीसी, म्हणजे पायाखालचं साधं काँक्रीट, पडत नाही, पीसीसीवाचून सळई बांधता येत नाही, रेल्वेने काही तास गाड्या थांबवल्याशिवाय रुळांवर गर्डर चढत नाही. अशी सगळी कामं आणि त्यांची एकमेकांवरची भिस्त कागदावर आली, प्रत्येकाला लागणारे दिवस मोजून झाले, की तारखा गणितातून आपोआप बाहेर पडतात. बऱ्याच ठिकाणी हे उलटं चालतं. वरून शेवटची तारीख येते आणि तिच्यावरून मागे मागे तारखा बसवल्या जातात. असा तक्ता बघायला छान दिसतो, पण एक काम आठ दिवस लांबलं तर शेवट किती लांबेल, या साध्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. ज्या शेड्यूलला हे उत्तर देता येत नाही, ते कितीही रंगीत असलं तरी कामाचं नाही.

हे गणित १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झालं. ड्यूपाँ ही रसायन कंपनी आणि रेमिंग्टन रँड यांच्या माणसांनी क्रिटिकल पाथ मेथड मांडली. त्याच सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही तशीच दुसरी पद्धत आली. आपल्याकडे मोठ्या कामांवर प्रायमाव्हेरा आणि मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट ही दोन सॉफ्टवेअर सर्रास वापरली जातात. ती चालवायला लवकर जमतं. त्यांत काय भरायचं, ते समजायला मात्र साइटच लागते.

संगणकासमोर बसण्याआधी

पहिलं वाचायचं ते कंत्राट. पूर्ण करायची मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाणार, मधले टप्पे कोणते, टप्पा चुकला तर दंड किती, जागा कोण आणि कधी देणार, विजेचे खांब आणि पाण्याच्या लाइनी कोणी हलवायच्या, शेड्यूल कधी सादर करायचं, या सगळ्याची उत्तरं तिथेच असतात. उदाहरणार्थ, फिडिक या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रेड बुक या नमुना कंत्राटानुसार चाललेल्या कामात, काम सुरू करण्याची नोटीस मिळाल्यापासून २८ दिवसांत ठेकेदाराने तपशीलवार शेड्यूल द्यायचं असतं. त्यानंतर ड्रॉइंग आणि बीओक्यू (कामांची आणि परिमाणांची यादी), आणि मग पूर्ण जागा पायी फिरून पाहणं. नकाशात नाला एक रेघ असते. तिथे गेल्यावर कळतं की काँक्रीट आणणारा ट्रान्झिट मिक्सर काठापर्यंत पोचतच नाही, आधी दोनशे मीटर कच्चा रस्ता करावा लागेल. हा कच्चा रस्ता बीओक्यूत नसतो, म्हणून शेड्यूलमध्येही येत नाही, आणि पहिल्याच महिन्यात आठवडा जातो.

मग कामाची फोड करायची. पूर्ण प्रकल्प, त्याचे भाग, प्रत्येक भागातल्या मोऱ्या, पूल, भराव, डांबरीकरण, आणि शेवटी एकेक ॲक्टिव्हिटी. किती बारीक जायचं? जवळच्या दोन-तीन महिन्यांतली ॲक्टिव्हिटी एक-दोन आठवड्यांहून लांब असू नये. ‘पुलाचं काम, १८० दिवस’ अशी एकच ओळ ठेवली, तर ती पाच महिने ‘चालू आहे’ असंच दाखवत राहते आणि उशीर शेवटच्या महिन्यात उघडकीला येतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची शेड्यूल तपासायची १४ मुद्द्यांची प्रसिद्ध यादी आहे. तिच्यात ४४ कामाच्या दिवसांपेक्षा लांब ॲक्टिव्हिटी शंकास्पद मानली जाते. ही कमाल मर्यादा समजावी, रोजचं माप नव्हे.

दिवस अंदाजाने टाकायचे नसतात. परिमाण भागिले रोजचा उरक, एवढाच हिशेब. समजा १२ टन सळई कापून, वाकवून, बांधायची आहे. एक बारबेंडर आणि एक हेल्पर मिळून दिवसाला साधारण २०० ते २५० किलो उरकतात. चार जोड्या असतील तर दिवसाला ९०० किलोच्या आसपास, म्हणजे १३ ते १४ दिवस. आठ जोड्या लावल्या तर सात दिवस, असं कागद म्हणतो. पण छोट्या राफ्टवर, म्हणजे तळाच्या सपाट पायावर, सोळा माणसं मावतात का, हे मेस्त्रीला विचारावं. ते सहसा मावत नाहीत. पुस्तकातले दर पहिल्या महिन्यापुरते घ्यावेत. नंतर स्वतःच्या साइटच्या रोजच्या नोंदींवरून ते बदलत जावेत, कारण तुमची माती, तुमची यंत्रं आणि तुमची माणसं पुस्तकात नसतात.

कामं जोडण्याचे चार प्रकार आहेत. त्यातला सगळ्यात जास्त वापरायचा तो ‘हे संपलं की ते सुरू’. ‘हे सुरू झाल्यावर काही दिवसांनी ते सुरू’ हा दुसरा प्रकार लांबलचक कामांत लागतो. चार किलोमीटर पाइपलाइनची चर संपूर्ण खणून झाल्यावर पाइप टाकायला कोणी घेत नाही. चर सुरू झाली की पाच दिवसांनी मागून पाइप येतात. इथे एक चूक हमखास होते. सुरुवाती जोडतात, शेवट जोडत नाहीत. मग मधे खडक लागून खुदाई पंधरा दिवस लांबली, तरी शेड्यूल पाइपलाइन जुन्याच तारखेला संपलेली दाखवतं, न खणलेल्या चरीत पाइप पडल्यासारखे. म्हणून अशा जोडीत ‘खुदाई संपल्यावर काही दिवसांनी पाइप संपतील’ हा तिसऱ्या प्रकारचा दुवाही द्यावाच. चौथा, ‘ते सुरू झाल्याशिवाय हे संपत नाही’, बांधकामात क्वचितच लागतो.

एका मोरीचं गणित

मोठा प्रकल्प समजून घ्यायचा तर त्यातली एक मोरी पुरते. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या नाल्यावर सहा मीटर गाळ्याची बॉक्स मोरी बांधायची आहे असं धरू. मोजणीसाठी रविवारची सुट्टी बाजूला ठेवू.

नाला वळवायला ५ दिवस. खुदाई ४. पीसीसी २. राफ्टची सळई, शटरिंग आणि काँक्रीट ७. भिंती आणि वरचा स्लॅब १४. स्लॅब पडल्यावर टेकू काढण्याआधी थांबायचं १४ दिवस. हा आकडा हवेतला नाही. साध्या सिमेंटसाठी आयएस ४५६ : २००० सांगतं, की ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवायचे. टेकू निघाले की दोन्ही बाजूंनी थराथराने भराव, ६ दिवस. शेवटी दोन्हीकडचा पोहोचरस्ता, ८ दिवस. हे सगळं एकामागून एक : ५+४+२+७+१४+१४+६+८, म्हणजे ६० दिवस.

राफ्ट १८व्या दिवशी झाला की विंग वॉल, म्हणजे मोरीच्या तोंडाशी माती अडवणाऱ्या बाजूच्या भिंतीही घेता येतात. त्या बांधायला १२ दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल तर किमान १० दिवस पाणी मारायचं. म्हणजे ४०व्या दिवशी त्या माती पेलायला तयार. त्यांची गरज पडते भराव सुरू होताना, म्हणजे ४६वा दिवस संपल्यावर. मधे ६ दिवस मोकळे. विंग वॉल ६ दिवसांपर्यंत रेंगाळल्या तर मोरीच्या शेवटाला धक्का नाही, सातव्या दिवसापासून आहे. या मोकळ्या दिवसांना फ्लोट म्हणतात. पाणी मारायचे दिवस धरायला विसरलात, तर हाच फ्लोट १६ दिवसांचा दिसतो, मुकादम निवांत होतो आणि ओल्या भिंतीवर भराव येतो.

तिसरी वाट विजेच्या खांबांची. पोहोचरस्त्यात दोन खांब येतात, ते हेस्कॉम या वीज वितरण कंपनीने हलवायचे, अपेक्षा २० दिवसांची. पोहोचरस्ता ५२ दिवसांनंतर सुरू होणार, म्हणजे खांबांना ३२ दिवसांचा फ्लोट.

ज्या वाटेवर फ्लोट शून्य आहे, ती क्रिटिकल पाथ. इथे ती मोरीच्या पोटातून जाते : नाला, खुदाई, राफ्ट, स्लॅब, टेकू, भराव, पोहोचरस्ता. सॉफ्टवेअर हेच करतं. सुरुवातीकडून पुढे जाताना, एका कामाच्या आधी अनेक कामं असतील तर सगळ्यात उशिरा संपणारं धरतं. मग शेवटापासून उलट येऊन, प्रत्येक काम जास्तीत जास्त कधी संपलं तर चालेल ते काढतं. दोन्हींमधला फरक म्हणजे फ्लोट.

आता खांब २० ऐवजी ६० दिवसांनी हलले तर? उशीर ४० दिवसांचा, पण त्यातले ३२ फ्लोटने गिळले. पोहोचरस्ता ६१व्या दिवशी सुरू होऊन ६८व्या दिवशी संपेल. मोरीला खरा उशीर ८ दिवसांचा. खांबांचा ४० दिवसांचा पत्रव्यवहार दाखवून ४० दिवसांची मुदतवाढ मागणारा ठेकेदार इथेच हरतो. ‘खांबांमुळे काहीच अडलं नाही’ म्हणणारा अधिकारीही इथेच चुकतो. दोघांमधला निवाडा हे गणित करतं, म्हणूनच ते आधी नीट मांडलेलं असावं लागतं.

वेळ कमी करायची असेल तर फ्लोट असलेल्या कामावर माणसं वाढवून काही साधत नाही. विंग वॉलवर दुप्पट गवंडी लावले, तरी मोरी ६० दिवसांतच होणार. राफ्टच्या ७ दिवसांतून एखाद-दुसरा दिवस वाचेल. टेकूचे १४ दिवस कितीही मजूर आणले तरी कमी होत नाहीत. तिथे उपाय वेगळे. लवकर ताकद येणारं मिक्स वापरून, चाचणीचे काँक्रीट क्यूब फोडून, इंजिनिअरची लेखी मंजुरी घेऊन टेकू आधी काढायचे, किंवा बॉक्सचे तयार तुकडे यार्डात ओतून आणून बसवायचे. तयार तुकडे घेतले की क्रिटिकल पाथच बदलतो. साचे, यार्ड आणि क्रेन ही कामं त्यावर येतात, आणि मुख्य म्हणजे क्रेन नाल्यापर्यंत पोचेल का, हा प्रश्न.

पाऊस, नदी, ऊस आणि मिरवणुका

हीच मोरी २० मार्चला सुरू केली तर १८ मेला संपते. खांबांचा उशीर धरला तरी २६ मे. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस येतो, त्याआधी काम हातावेगळं. आता ती २१ दिवस उशिरा, १० एप्रिलला सुरू करा. भराव येतो २६ ते ३१ मेला, ऐन वळवाच्या दिवसांत. पोहोचरस्ता १ ते ८ जूनला. कागदावर शेवट ८ जून, पण तो खरा नाही. भरावाची माती ठरावीक ओलाव्यालाच दबते. सुमारे २० सेंटिमीटरचा एकेक थर दाबून, प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के आणि वरच्या सबग्रेडला, म्हणजे रस्त्याच्या थरांच्या लगेच खालच्या मातीला, ९७ टक्के घनता मिळवायची असते. चिंब माती रोलरखाली फक्त हलते, दबत नाही. पश्चिम खानापुरात मग ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत वाट पाहावी लागते. सुरुवातीचा २१ दिवसांचा उशीर शेवटी पाच महिन्यांहून जास्त होतो. या भागातले बहुतेक मोठे घोटाळे इथेच होतात. उशीर जानेवारी-फेब्रुवारीत घडतो, तेव्हा लहान वाटतो, आणि त्याची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते.

म्हणून शेड्यूलमधलं कॅलेंडर हा दुय्यम तपशील नाही. एका प्रकल्पाला एकच कॅलेंडर तर कधीच पुरत नाही. मातीकाम आणि डांबरीकरणाला पावसाळ्यात शून्य दिवस, कारण पृष्ठभाग ओला असताना डांबर टाकता येत नाही. पुलाच्या खांबांवरच्या काँक्रीटला, यार्डातल्या गर्डर ओतण्याला पावसाळ्यातही काही दिवस देता येतात. पाणी मारण्याला आणि टेकूंना रविवार नसतो, ते सात दिवसांच्या कॅलेंडरवर. कागदपत्रांना सरकारी सुट्ट्यांचं कॅलेंडर.

आणि जिल्हा एकच असला तरी पाऊस एक नाही. कणकुंबी, जांबोटीकडे घाटमाथ्याचा पाऊस आणि जांभा-तांबडी माती. अथणी, रायबागकडे तुटपुंजा पाऊस आणि काळी माती. अथणीकडे पावसाचे दिवस कमी म्हणून शेड्यूल सैल सोडणारे फसतात. काळी माती एकाच जोरदार सरीनंतर कित्येक दिवस टिप्परला आत येऊ देत नाही. ती फुगते-आकसते म्हणून भरावाच्या वरच्या थरांत तशीच वापरताही येत नाही. मुरूम लांबून आणावा लागतो किंवा मातीवर चुन्याची प्रक्रिया करावी लागते. ही स्वतंत्र ॲक्टिव्हिटी आहे आणि ती शेड्यूलमध्ये दिसली पाहिजे.

निपाणी-चिकोडीकडे नद्यांचा हिशेब आणखी निराळा. दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेवरचे कमी उंचीचे पूल जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याखाली जातात. साइटवर ऊन असतं, पण राधानगरी, भुदरगडच्या डोंगरांत पाऊस लागलेला असतो आणि काळम्मावाडी, पाटगावच्या धरणांतून पाणी सुटतं. नदीपात्रातल्या पायाचं कॅलेंडर म्हणून साइटवरच्या पावसावर बांधायचं नसतं. नदीची पातळी कधी उतरते, त्यावर बांधायचं. डिसेंबर ते मे एवढाच काळ पात्राला भरवशाचा समजावा. एक पाया त्या काळात राहिला, तर पुलाचं एक वर्ष जातं.

उसाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. नेमका हाच काळ बांधकामालाही चांगला. ट्रॅक्टर आणि गावातले मजूर दोन्ही तोडीकडे जातात, आणि कारखान्यांच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगांमुळे खडीच्या टिप्परच्या खेपा घटतात. दिवसाला सहा खेपा धरल्या होत्या तिथे चार झाल्या, की जीएसबीचा, म्हणजे रस्त्याच्या तळाच्या खडीच्या थराचा, उरक एक-तृतीयांश घसरला. हे नोव्हेंबरमध्ये कळण्यात अर्थ नाही, सप्टेंबरमध्येच टिप्पर वाढवून ठेवावे लागतात.

बाहेरून आलेले कारागीर छठ आणि होळीला गावी जातात, आणि सुट्टी चार दिवसांची असली तरी परत यायला दोन-तीन आठवडे लागतात. बेळगाव शहरात काम असेल तर अकरा दिवसांचा गणेशोत्सव आणि विसर्जन, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, १ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा स्थापना दिन, आणि हिवाळ्यात सुवर्णसौधात भरणारं विधिमंडळ अधिवेशन या काळात रस्ते बंद किंवा वळवलेले असतात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमांना त्या रस्त्यावर गाड्यांची रीघ असते. मोठा स्लॅब अशा दिवशी ठेवायचा नाही. बॅचिंग प्लांटमधून निघालेला मिक्सर वाटेत अडकला, तर काँक्रीट वाट पाहत नाही.

परवानग्याही कामंच असतात

साइटवरची कामं बारकाईने मांडणारे, परवानग्या मात्र ‘आधीच झाल्या’ असं धरतात. त्या एकेक पायरीसह शेड्यूलमध्ये हव्यात. रेल्वेवरचा उड्डाणपूल घ्या. बेळगाव शहर मिरज-लोंढा लोहमार्गाने मधोमध दुभागलेलं आहे, त्यामुळे हा विषय इथे सगळ्यांच्या जवळचा. नैऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागाकडून आधी पुलाच्या एकूण मांडणीच्या नकाशाला मंजुरी, मग गर्डरची डिझाइन आणि कारखान्यातली तपासणी, रेल्वे सुरक्षा आयुक्तांची संमती, आणि शेवटी गर्डर चढवायला ब्लॉक, म्हणजे ठरलेल्या तासांपुरती गाड्या थांबवणं. वर विजेच्या तारा असतील तर वीजही बंद करावी लागते. ब्लॉक दोन-तीन तासांचा असतो आणि तो हुकला तर पुढचा आपल्या सोयीने मिळत नाही. त्यामुळे ब्लॉकच्या तारखेआधी क्रेन, गर्डर, बेअरिंग, खांबांवरचं काँक्रीट, सगळ्यांना मुद्दाम थोडा फ्लोट ठेवावा.

राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीसाठी १९५६च्या कायद्यातल्या ३-ए, ३-डी, ३-जी, ३-एच या कलमांच्या पायऱ्या असतात : इरादा जाहीर करणं, जमीन केंद्राकडे निहित होणं, भरपाई ठरवणं, ती जमा करणं; त्यानंतर ताबा. ‘भूसंपादन’ अशी एक ओळ लिहू नये. किलोमीटरवार तक्ता करावा आणि ज्या तुकड्याचा ताबा आला, तिथलेच भराव त्याला जोडावेत. खानापूर तालुक्यात वनजमीन बरीच आहे आणि भीमगड अभयारण्यही. तिथे वनमंजुरीचे तत्त्वतः आणि अंतिम असे दोन टप्पे, झाडतोडीची परवानगी वेगळी, आणि अभयारण्याचा संबंध आला तर वन्यजीव मंजुरी आणखी वेगळी. खांब हलवण्यातही सर्वेक्षण, अंदाजपत्रक, पैसे भरणं, काम आणि लाइन क्लिअर अशा पाच पायऱ्या आहेत. शेवटची एका दिवसाची असते, पण पिकांना पाणी द्यायच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या पंपांची लाइन बंद करायला सहज होकार मिळत नाही. आणि त्यांचंही बरोबर असतं.

दर आठवड्याला

मंजूर झालेलं पहिलं शेड्यूल म्हणजे बेसलाइन. ती जपून ठेवायची, तिला हात लावायचा नाही. तिच्या प्रतीवर दर आठवड्याला किंवा महिन्याला अपडेट होतं. एक दिवस ठरवायचा, त्याला डेटा डेट म्हणतात. त्याच्या मागचं सगळं घडलेलं, पुढचं सगळं अंदाजाचं. घडलेल्या कामाची खरी सुरुवात आणि खरा शेवट नोंदवायचा. चालू कामाबद्दल ‘किती टक्के झालं’ हे विचारू नये. त्याचं उत्तर नेहमी ‘ऐंशी टक्के’ येतं आणि तीन आठवडे तेच राहतं. ‘अजून किती दिवस लागतील आणि कशामुळे’ हे विचारावं. तो आकडाच शेड्यूलला पुढे नेतो.

इथे सीमाभागातल्या मुलांना एक मोठी सोय आहे. गवंड्याशी मराठीत, हेस्कॉमच्या लाइनमनशी आणि तहसील कचेरीत कन्नडमध्ये, बारबेंडरशी हिंदीत बोलून आणि अहवाल इंग्रजीत लिहून, खरी माहिती मिळवता येते. ‘मामा, पुढचा स्लॅब गुरुवारी पडेल का?’ असं मेस्त्रीला त्याच्या भाषेत विचारलं, की ‘प्लाय दोनदा वापरून फुगलंय, नवीन आल्याशिवाय नाही’ हे उत्तर मिळतं. ऑफिसात बसून फोनवर विचारलं तर नुसतं ‘पडेल’ एवढंच मिळतं.

कामं अनेकदा ठरल्यापेक्षा वेगळ्या क्रमाने होतात. भराव पूर्ण व्हायच्या आत कोणी जीएसबी सुरू केलं, तर उरलेल्या जीएसबीने भरावासाठी थांबायचं की नाही, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. प्रायमाव्हेरात ‘रिटेन्ड लॉजिक’ ठेवलं तर ते थांबतं, ‘प्रोग्रेस ओव्हरराइड’ ठेवलं तर थांबत नाही. दुसऱ्याने शेवटची तारीख अलीकडे येते आणि सगळ्यांना बरं वाटतं. आमचं मत स्पष्ट आहे : पहिलं ठेवा, आणि क्रम खरंच बदलला असेल तर दुवा बदलून तसं लिहून ठेवा.

अपडेटनंतर पुढच्या तीन आठवड्यांचा तक्ता काढून फोरमनच्या हातात द्यावा. त्यातल्या प्रत्येक कामापुढे मंजूर ड्रॉइंग, माल, यंत्र, माणसं, परवानगी आणि आधीचं काम या सहा गोष्टींची खूण असावी. एकही रिकामी असेल, तर ते काम त्या आठवड्यात होणार नाही. हा एक पानी तक्ता दोन हजार ओळींच्या शेड्यूलपेक्षा जास्त काम करतो.

मुख्यालयाला मात्र एस-कर्व्ह हवा असतो, म्हणजे ठरलेली आणि झालेली प्रगती पैशांत. तो पाहताना सावध राहावं. सळई आणि गर्डरचं स्टील येऊन पडलं की आलेख वर चढतो, प्रगती ६० टक्के दिसते, आणि त्याच वेळी एका नाल्यावरची मोरी अडून पूर्ण रस्ता थांबलेला असू शकतो. पैशांचा आलेख आणि क्रिटिकल पाथ नेहमी शेजारी शेजारी वाचावेत.

बिघडलेलं शेड्यूल ओळखायच्या काही खुणा आहेत. पहिल्या आणि शेवटच्या कामाखेरीज ज्याच्या मागे किंवा पुढे काहीच जोडलेलं नाही, असं काम. अशा कामाचा उशीर कोणालाच दिसत नाही. हाताने ठोकलेल्या तारखा. त्या गणिताला वाहू देत नाहीत. डेटा डेटच्या पुढची ‘झालेली’ कामं. आणि शेकडो दिवसांचा फ्लोट. तो बहुतेकदा आराम नसतो, विसरलेला दुवा असतो.

मुदतवाढ मागताना

दरवर्षीचा पाऊस हे मुदतवाढीचं कारण होत नाही. तो येणार हे माहीत होतं, म्हणून तो कॅलेंडरमध्ये हवा होता. नेहमीपेक्षा फार जास्त पाऊस झाला असेल, तर मागच्या काही वर्षांच्या आकड्यांशी तुलना लागते. कर्नाटकात राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची पर्जन्यमापकं ग्रामपंचायतींपर्यंत आहेत, त्यामुळे साइटजवळचा आकडा मिळू शकतो. ‘फार पाऊस झाला’ असं नुसतं पत्र टिकत नाही. कोणत्या दिवशी किती मिलिमीटर, त्या दिवशी कोणतं काम थांबलं, ते क्रिटिकल होतं का, आणि जमीन वाळून पुन्हा रोलर कधी फिरला, हे रोजनिशीतून दाखवावं लागतं.

नोटिशीची मुदत कंत्राटात असते. फिडिकच्या १९९९च्या आवृत्तीत, घटना कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस दिली नाही तर हक्कच जातो. मागणी मोजायची पद्धत मोरीच्या उदाहरणासारखीच. घटनेच्या लगेच आधीचं अपडेट घ्यायचं, त्यात घटनेची ॲक्टिव्हिटी घालायची, पुन्हा गणित करायचं, शेवट जितका सरकला तितके दिवस मागायचे. त्याच काळात ठेकेदाराचाही तितकाच उशीर चालू असेल, तर सहसा वेळ मिळतो, पैसे मिळत नाहीत. फ्लोट कोणाच्या मालकीचा, यावर भांडणं होतात. कंत्राट गप्प असेल तर तो प्रकल्पाचा समजतात, म्हणजे ज्याला आधी लागेल त्याने वापरला. मालकाने उशीर केला तरी ठेकेदाराने वेळेत नोटीस न देता काम चालू ठेवलं, तर नंतर भरपाई मागणं किती अवघड जातं, हे भारतीय करार कायदा, १८७२ यातलं कलम ५५ वाचून समजून घ्यावं.

शिकायचं असेल तर वर्ष-दीड वर्ष साइटवर काढल्याशिवाय या कामात येऊ नये. त्या काळात रोज संध्याकाळी एक वही भरावी : आज कोणतं काम, किती परिमाण, किती माणसं, किती तास, आणि काम थांबलं असेल तर कशामुळे. सळई किलोत, काँक्रीट आणि भराव घनमीटरमध्ये, खेपा आकड्यांत. मग गावाजवळचीच एखादी चालू असलेली मोरी निवडावी, तिची पंधरा-वीस कामं कागदावर मांडून हाताने पुढचं आणि मागचं गणित करावं, आणि दर रविवारी तिथे जाऊन आपल्या तारखांशी ताडून पाहावं. जिथे फरक पडेल तिथल्या मेस्त्रीला कारण विचारावं आणि ते त्याच पानावर लिहावं. सॉफ्टवेअरचा क्लास त्यानंतर लावावा.